तलावांचा मुलूख आणि पाहुण्यांचे पीक

नवेगावबांधच्या पाळीवर उभा राहिलेला नवखा पाहुणा पहिले वाक्य बोलतो ते बहुधा एकच असते : "काय निसर्ग आहे हो!" समोर सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी, भोवती डोंगरांचे कडे, हिवाळ्यात त्या पाण्यावर उतरणारी परदेशी बदके, हे दृश्य पाहून कोणीही तेच म्हणेल. गावातला जाणता म्हातारा मात्र नुसता हसतो आणि भोवतालच्या शिखरांपैकी एकाकडे बोट दाखवतो. तिथे कोलासुर देवाचे ठाणे आहे. हा देव पुराणातला नव्हे. तो होता कोलू पाटील कोहळी, याच मुलखातला एक शेतकरी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी त्याने डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या बांधांनी बुजवल्या आणि धानाला व उसाला पाणी मिळावे म्हणून हा तलाव केला. काम माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटले, तेव्हा सात बहिणींनी, म्हणजे सात देवतांनी, त्याला हात दिला अशी कथा लोकांनी जोडली. शिखरांना सातबहिणी हे नाव पडले आणि पुढे खुद्द पाटलालाच देवपण आले. लढाया जिंकून देव झालेले पुरुष पुष्कळ आहेत. तलाव बांधून देव झालेला मात्र विरळाच.

तलाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी जुन्या भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव ही गावे पलीकडे गेली. पण दोन भाऊ वेगळे झाले तरी आजा एकच राहतो. या लेखात भंडारा म्हटले की तो जुना, अखंड जिल्हा वाचकांनी समजावा. जिथे फरक करणे जरूर आहे तिथे तो केला आहे.

हा सारा प्रपंच सांगण्याचे कारण असे की, हल्ली या मुलखाच्या भवितव्याची गोष्ट निघाली की 'पर्यटन' हा शब्द निघतोच. सभेत निघतो, आराखड्यात निघतो, चहाच्या टपरीवरही निघतो. आमच्या आजोबांच्या पिढीत हा शब्द कोणी उच्चारीत नसे. त्यांच्या लेखी माणूस यात्रेला जाई, नाही तर पाहुणा म्हणून जाई. आता पाहुणा हेच एक पीक समजावे, आणि धानाने न दिलेले त्याने द्यावे, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या मुलखात पाहुणा काही आजच येऊ लागलेला नाही. तो पूर्वी कशासाठी आला आणि कोणाच्या जिवावर राहिला हे पाहिले म्हणजे आजचा हिशेब मांडणे सोपे जाते.

सगळ्यांत जुना पाहुणा सापडतो तो पवनीला. वैनगंगेच्या काठचे हे तटबंदीचे आणि खंदकाचे गाव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी इथल्या जगन्नाथ टेकडीवर खणले, तेव्हा टेकडीच्या पोटात प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. भोवतीच्या कठड्याचे कोरीव खांब निघाले, त्यांवर फणा उभारलेला नागराज मुचलिंद निघाला, आणि कोणी कोणता दगड दान दिला हे सांगणारे ब्राह्मी लिपीतले लेख निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी या टेकडीकडे लोक दुरून चालत येत होते, तिथे पैसा खर्च करीत होते आणि आपले नाव दगडावर ठेवून जात होते. (नाव कोरून ठेवण्याची पाहुण्याची हौस तेव्हापासूनची दिसते, फरक इतकाच की ते दगड स्वतःचे आणीत.) आता असा विचार करावा की हे लोक पवनीलाच का आले? नदीचा उतार होता, व्यापाराची वाट होती, मागे धानाची काळी जमीन होती. भिक्षूंना भिक्षा घालील आणि दात्याला दान देता येईल अशी बरकत गावात आधीपासून होती. स्तूपामुळे गाव श्रीमंत झाले त्याहून अधिक, श्रीमंत गावाने स्तूप उभा केला. पुढे यात्रा आटली, स्तूप मातीखाली गेला. गाव मात्र उठले नाही. पवनीचे कोष्टी रेशीमकाठी कापड विणीत राहिले, कारण विणकाम यात्रेकरूंवर अवलंबून नव्हते.

पवनीनंतरची मोठी गोष्ट कोहळ्यांची. परंपरा अशी सांगते की चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे या लोकांचे पाणी अडवण्याचे कसब पाहून खूश झाला आणि त्यांना आपल्या राज्यात घेऊन आला. जो रान तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा नियम सांगतात. अर्थशास्त्राच्या थोरल्या पोथ्यांत याहून नेटका नियम सापडणे कठीण. राजाच्या तिजोरीतून पै जात नाही आणि तलाव बांधणाऱ्याचा लाभ तलाव टिकण्यावरच अवलंबून राहतो. पाळ फुटली की त्याचीच जमीन कोरडी!

या मुलखात पाऊस काही कमी पडत नाही. अडचण आहे ती त्याच्या लहरीची. मृगात येतो, आषाढात कोसळतो आणि धान ओंबीवर आले की नेमका दडी मारतो. हस्ताचे पाणी चुकले की दाणा भरत नाही, पळंज राहते. चार महिन्यांची मेहनत एका आठवड्यात जाते. तलाव असतो तो त्या एका आठवड्यासाठी. पाळ म्हणजे बांध. तुडुम म्हणजे पाणी सोडण्याची मोरी. सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट. एका तलावाच्या सलंगावरून निघालेले पाणी खालच्या गावच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत, असे उतरत जाई. धान पिकले की उरलेल्या ओलीवर लाख, लाखोरी, जवस. तलावाच्या पोटात मासे आणि शिंगाडे, ते ढीवरांचे. उन्हाळ्यात गाळ, तो बांधीत टाकायला. काठावर ऐन आणि अर्जुन, त्यांवर कोसा. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव होते. त्यांतला कोणताही तलाव शोभेसाठी बांधलेला नव्हता. बदके आली ती मागाहून, आणि बदके पाहणारे त्यांच्याही मागाहून.

इंग्रजी अमलात, १८६० च्या पुढच्या बंदोबस्तात, गावचे पाटील मालगुजार झाले आणि जमिनीचे मालक ठरले. तलावांनाही 'मालगुजारी तलाव' हे नाव तेव्हापासून चिकटले. मालगुजारांचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. वेठबिगार होती, सावकारी होती, आणि पाळीवर माती टाकणारे हात बहुतेक वेळा भूमिहीनांचेच होते. पण एक गोष्ट खरी की उन्हाळ्यात पाळ बुजली नाही तर मालगुजाराचा स्वतःचा धान बुडे, म्हणून पाळ बुजे. स्वार्थाने का होईना, तलावाला धनी होता.

इथे क्षणभर सातासमुद्रापलीकडे जाऊ. वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोस नावाचे एक चिमुकले बेट आहे. क्रिकेटमुळे त्याचे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे ऊस लावला, आफ्रिकेतून गुलाम आणून राबवले, आणि पुढची तीन शतके ते बेट साखरेवर जगले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचा धंदा उतरला. बेटाने पाहुणे धरले. समुद्रकिनाऱ्यावर हॉटेले उठली, विमाने भरभरून येऊ लागली, उसाची शेते आक्रसत गेली. रोख पैसा आला हे नाकारता येत नाही. मग २०२० साली विमाने थांबली. त्या दिवसांत बेटाला उमगले की विकायला ऊन आणि वाळू आहे, घेणारा घरात कोंडलेला आहे, आणि खायचे बहुतेक धान्य जहाजातून येते आहे. आमचे कोहळीही एके काळी उसासाठी नावाजलेले होते. तलावाच्या पाण्यावर ऊस आणि घरच्या चुलाणावर गूळ. तोही ऊस पुढे मागे पडला. पण धान राहिले. बार्बाडोस आणि भंडारा यांत एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

असो. परत येऊ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. तलाव असलेल्या गावांचेही हाल झाले. नसलेल्यांचे काय झाले असेल ते बोलायला नको. सरकारला तेव्हा जाग आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या भागात मोठे सरकारी तलाव झाले : खैरबंदा, बोदलकसा, चोरखमारा. यांतले चोरखमारा आणि बोदलकसा नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहेत. आज बोदलकसाच्या काठी पर्यटकांसाठी निवासस्थान आहे. शहरातली कुटुंबे तिथे येऊन पाण्याकडे पाहत चहा पितात. प्यावा, अवश्य प्यावा. ते पाणी दुष्काळाच्या धास्तीने अडवलेले आहे हे कळले तर चहाची गोडी कमी होणार नाही.

यानंतर १९५१ साल येते, आणि आमच्या मते या सगळ्या कथेतली खरी कलाटणी तीच. मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि तलावाचा धनी नाहीसा झाला. मग वाद सुरू झाला. ज्या बांध्यांना वाडवडिलांपासून पाणी फुकट, त्यांनी पाणीपट्टी का द्यावी? आणि पाणीपट्टी येत नाही, तर सरकारने दुरुस्ती का करावी? दोन्ही प्रश्न आपापल्या जागी बिनतोड आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये तलाव गाळाने भरत गेला. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या. लहान तलाव एकाकडे, मोठे दुसऱ्याकडे, मासेमारी तिसऱ्याकडे. पाळीवर झुडपे वाढली, तुडुम निखळले, पोटात बेशरमाचे रान माजले. (बेशरम हे त्या झुडपाचे लोकांनी ठेवलेले नाव आहे, आमचे नव्हे.) कुठे तलावाच्या पोटातच बांध्या पडल्या. अलीकडच्या वर्षांत सरकारने दुरुस्तीच्या आणि गाळ काढण्याच्या योजना काढल्या आहेत, काही तलाव सुधारलेही आहेत. पण साठ-सत्तर वर्षांचा गाळ एका उन्हाळ्यात निघत नाही.

जिल्ह्याचे दुसरे धंदे होतेच. पितळी भांड्यांसाठी भंडारा शहर इतके प्रसिद्ध की गावाचे नाव भांड्यांवरूनच पडले असे पुष्कळजण समजतात. वास्तविक रतनपूरच्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखात 'भाणारा' असा उल्लेख आहे, तेव्हा नाव जुनेच. स्टेनलेस स्टील आले आणि कासाराच्या भट्ट्या विझू लागल्या. आंधळगावचा कोसा अजून तग धरून आहे. तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत; जवाहरनगरला १९६४ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. विडीने लाखो बोटांना काम दिले आणि त्याच बोटांना खोकलाही दिला. हे सगळे मिळूनही २०११ च्या जनगणनेतल्या, नव्या भंडारा जिल्ह्याच्या बारा लाख माणसांचे पोट मुख्यतः धानावरच राहिले. रोवणी संपली की तरणी माणसे नागपूर गाठतात, कोणी हैदराबादेकडे जातात. पवनी-भिवापूरच्या भागात बाया मिरचीच्या सातऱ्यावर बसून देठ खुडतात. घरी आल्यावर लेकराला जवळ घेण्याआधी हात तेलाने चोळावे लागतात.

अशा ठिकाणी वाघ आला. म्हणजे वाघ होताच. त्याला गिऱ्हाईक आले.

नागझिऱ्याचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले. नागाचे ठाणे आणि बारमाही झिरा यांवरून ते नाव. नवेगावला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या काळी इथे येणारा पाहुणा निराळा होता. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला होते. त्यांच्या लेखनाने मराठी वाचकाला इथली पाखरे आणि माणसे यांची ओळख झाली, आणि तो वाचक पुस्तक वाचून येऊ लागला. नागझिऱ्याच्या विश्रामगृहात वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात जेवायचे आणि रात्री सांबराची हाक ऐकत पडायचे, याचीच त्याला मौज वाटे. असा पाहुणा थोडा खर्च करी, पुष्कळ दिवस राही आणि गावातल्या चार माणसांची नावे पाठ करून जाई.

पुढे काळ बदलला. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले, २०१३ च्या जुलैत भंडाऱ्याजवळचे कोका झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्याच सुमारास नागझिऱ्यातून एक तरणा नर वाघ निघाला, शंभराहून अधिक किलोमीटर चालला, हमरस्ता ओलांडून, नदी पोहून कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला. त्याचे नाव जय. अंगापिंडाने दांडगा, आणि माणसांसमोर न बुजणारा. जयची छायाचित्रे देशभर गेली आणि काल-परवापर्यंत कोणी न विचारलेल्या पवनी फाटकावर मोटारी उभ्या राहू लागल्या. कोणी शेत गहाण टाकून जिप्सी घेतली, कोणी घराची ओसरी झाकून खोल्या काढल्या, कोणी नुसत्या पोह्याच्या कढईवर घर सावरले. मग २०१६ च्या एप्रिलात जयच्या गळ्यातल्या पट्ट्याचा संदेश बंद झाला आणि वाघ नाहीसा झाला. शोध झाला, तर्क झाले, चौकशा झाल्या. जय दिसला नाही. मोटारी ओसरल्या. जिप्सीचा हप्ता मात्र ओसरत नाही. एका जनावराच्या पावलांवर साऱ्या गावाचा धंदा उभा राहणे म्हणजे काय, हे पवनीकडच्या लोकांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज उरलेली नाही.

आता हिशेब मांडू. फाटक उघडते ऑक्टोबरात आणि मिटते जूनअखेर. म्हणजे रोवणीच्या दिवसांत पाहुणा नसतो आणि पाहुण्याच्या दिवसांत रोवणी नसते. हा योग चांगला आहे, धान आणि पर्यटन एकमेकांचा हात धरून चालू शकतात. वाटाड्या म्हणून काम करणारी गावची पोरे पाखरांची इंग्रजी नावे सफाईने सांगतात, ही तर अभिमानाची गोष्ट. परंतु एका फेरीला किती गाड्या सोडायच्या याला मर्यादा असते, आणि जंगलाच्या भल्यासाठी ती असायलाच हवी. मर्यादित गाड्या म्हणजे मर्यादित चालक, मर्यादित वाटाडे. एका फाटकावर काही डझन घरे नीट जगतात. त्याच जंगलाच्या कडेला काही शेकडो घरे असतात.

आणि त्या शेकडो घरांनी काय सोडले? चैत्रात पहाटे वेचायची मोहफुले आणि वैशाखात तोडायचा तेंदू. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर न्यायचे आणि रोख पैसे घ्यायचे. पावसाळ्याचे बियाणे, पोरांची पुस्तके, लग्नातला अहेर, सगळे या पैशावर. या कामाला भांडवल लागत नाही. म्हातारीपासून पोरीपर्यंत सगळ्यांना ते करता येते. अभयारण्याच्या हद्दीत आता हे चालत नाही. त्याबदली शासन गॅस देते, समित्यांमार्फत गावाला निधी देते, आणि ते चांगलेच आहे. पण तेंदूचा पैसा बाईच्या पदरात पडे आणि जिप्सीचा पैसा जिप्सीवाल्याच्या खिशात पडतो. ज्याच्यापाशी आधीच चार एकर आहेत तोच गाडी घेऊ शकतो. हा भेद आराखड्यात कुठे लिहिलेला नसतो.

वाघाची किंमत दुसऱ्या नाण्यातही मोजावी लागते. सीटी-१ नावाच्या वाघाला २०२२ च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात पकडले, तोपर्यंत वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून तेरा माणसे गेली होती. २०२४ च्या अखेरच्या दिवशी गोठणगावकडे एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना पाहुण्यांच्या गाड्यांनी दोन्ही अंगांनी अडवून धरले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कामावरून काढले गेले ते गाडीवाले आणि वाटाडे. गाडीत बसून "अजून थोडी पुढे घ्या" म्हणणारे दुसऱ्या दिवशी आपापल्या शहरी पोचले होते. मार्च २०२० मध्ये फाटके मिटली तेव्हाही असेच झाले : पाहुणे आपल्या घरी सुखरूप, आणि गाड्या गोठ्यात. पण त्या वर्षीही मृग आला, पऱ्हे टाकले गेले, रोवणी झाली. नागपुरातून पायी परतलेल्या पोरांना गावात निदान भात मिळाला. बार्बाडोसची आठवण वाचकांनी इथे करावी.

पाहुण्यांविषयी एवढे लिहिले आणि या मुलखातल्या खऱ्या पाहुणचाराचा उल्लेख केला नाही तर भंडाऱ्याचा मनुष्य रुसेल. भाऊबीजेनंतर इकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे बाजार नव्हे, जत्रा. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान उभा असतो, हातात थोडा पैसा असतो. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार होते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या हिवाळाभर गावोगाव फिरतात. नट, पेटीवाले, मांडववाले, जिलबीवाले, फुगेवाले सगळ्यांचे त्यावर चालते. सकाळपर्यंत चाललेल्या नाटकानंतर डोळे चोळीत घरी जाणाऱ्या गर्दीला पर्यटक म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण या पाहुण्यांचा खर्च गावातच राहतो, आणि धान बुडाला त्या वर्षी मंडई फिकी असते. नाते इतके उघड आहे.

वैनगंगेच्या बाबतीतही हेच. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. अनेक गावे पाण्याखाली गेली आणि त्यांतली माणसे पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्या झिजवीत राहिली. आता त्या विस्तीर्ण पाण्यावर नौकाविहाराचे बेत आहेत. नागपूरची नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानमार्गे याच पाण्याला मिळते. काठच्या गावांना पिण्याचे पाणी गढूळ येते, भंडाऱ्याच्या घाटाशी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. नाव वल्हवण्याआधी निदान नागपूरने आपली मोरी दुरुस्त करावी, एवढे म्हणण्याचा अधिकार भंडारेकरांना असावा. पाहुणा पाणी पाहायला येणार असला तरी गावाला ते प्यायचे आहे.

शेवटी पुन्हा अर्जुनी मोरगावकडे, कोलू पाटलाच्या मुलखात. तिथे 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' ही संस्था ढीवर समाजाबरोबर काम करते. तलाव मासेमारी संस्थांकडे ठेक्याने आले, बाहेरच्या माशांचे बीज पडले, मूळचे मासे कमी झाले, बेशरमाने काठ गिळला. ढीवरांच्या जाळ्यात काही येईना. तेव्हा ढीवर बाया उन्हाळ्यात तलावात उतरल्या आणि त्यांनी बेशरम मुळापासून उपटायला घेतले. कोणत्या पाणवनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कोरड्या पोटाची नांगरट करून त्यांनी त्या वनस्पती जिथे शिल्लक होत्या तिथून आणून लावल्या, पहिल्या पावसाच्या बेताने, रोवणी करावी तशा ओळींनी. पाणी चढले. मरळ आणि इतर गावरान मासे जाळ्यात पुन्हा लागू लागले, मागोमाग पाखरे आली. महाराष्ट्रात आता जवळजवळ याच भागात उरलेला सारस अशाच तलावांच्या काठी चरतो आणि शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत घरटे करतो. त्याला पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात. बांधीचा मालक घरट्याभोवतीचे थोडे धान कापायचे ठेवतो आणि पिले उडेपर्यंत वाट पाहतो.